बाळंतिणीच्या मनाची नोंद



अंगणवाडीतून मिळणारं माता-बाल संरक्षण कार्ड आपल्या सगळ्यांच्या घरात कधी ना कधी आलेलं आहे. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, डब्याखाली दाबून जपलेलं. त्यात वजन लिहितात, बीपी लिहितात, रक्त किती आहे ते लिहितात, धनुर्वाताची सुई कधी दिली, लोहाच्या गोळ्या किती दिल्या ते लिहितात. हे सगळं लिहायलाच पाहिजे. पण 'बाई, रात्री झोप लागते का? जीव रमतो का? कोणी बोलायला आहे का?' असं आपल्यापैकी किती जणींना कोणी विचारलं असेल? बैठकीत मी हा प्रश्न टाकते तेव्हा बाया आधी हसतात. मग एखादी हळूच म्हणते, 'आमचं मन कोन इचारते बाई!'

आज इतिहासाचंच बोलायचं आहे. राजा-राण्यांचा नाही, बाळंतिणीचा. आणि त्यातही सातपुड्याच्या आणि जंगलातल्या आदिवासी बाळंतिणीचा, कारण तिच्याबद्दल सरकारी कागद सगळ्यात जास्त लिहिले गेले आणि तिला सगळ्यात कमी विचारलं गेलं.

सुरुवात मात्र एका शहरातल्या, शिकलेल्या घरातल्या मुलीपासून करते. डॉक्टर आनंदीबाई जोशी. जन्म १८६५ चा. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. पुढे १८८३ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि १८८७ मध्ये वयाच्या एकविसाव्या वर्षी वारल्या. शाळेच्या पुस्तकात हे सगळं येतं. मूल गेलं म्हणून त्यांनी डॉक्टर व्हायचं ठरवलं, असं आपण भाषणात सांगतो आणि टाळ्या घेतो. पण चौदा वर्षांच्या त्या पोरीचे पुढचे दिवस कसे गेले असतील? पान्हा फुटला असेल आणि पाजायला बाळ नाही. त्याबद्दल आपण बोलत नाही. तिचं दुःख आपण थेट कर्तबगारीत नेऊन ठेवतो. शिकलेल्या घरच्या बाईची ही गत, तर जिचं नावसुद्धा कुठे लिहिलेलं नाही तिचं काय?

आपल्या जिल्ह्यात घाटावर आणि घाटाखाली अशी दोन जगं आहेत, हे तुम्हाला सांगायला नको. घाटाखाली जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांच्या उत्तरेला सातपुडा उभा आहे. तिथे कोरकू, निहाल, भिल्ल, पावरा कुटुंबं राहतात. हाच डोंगर पुढे अमरावती जिल्ह्यात मेळघाट होतो. आपल्या संग्रामपूरचं अंबाबारवा अभयारण्य मेळघाटच्याच व्याघ्र प्रकल्पात येतं. म्हणून मेळघाटची गोष्ट आपल्याला परकी नाही.

इंग्रजांच्या काळात साहेबांनी या लोकांवर जाडजूड पुस्तकं लिहिली. १९१६ मध्ये रसेल साहेब आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांताच्या जाती-जमातींवर चार खंड काढले, त्यात कोरकूंवर वेगळं प्रकरण आहे. देव कोणते, लग्न कसं लागतं, मेल्यावर काय करतात, हे सगळं आहे. बाळंतिणीला काय वाटतं हा त्या साहेबांचा प्रश्नच नव्हता. लिहिणारे पुरुष, सांगणारेही बहुतेक पुरुष. बाजेवरच्या बाईपाशी जायची सोय त्यांना नव्हती, आणि इच्छा असेल असंही वाटत नाही.

तेव्हा बाळंतपण सुईणीच्या हातात होतं. जंगलात काय नि आपल्या गावात काय. पोट चोळणारी, वार पडेपर्यंत थांबणारी, नंतर रोज येऊन बाळ-बाळंतिणीला तेल लावणारी, शेक देणारी. त्या व्यवस्थेत बाया मरत होत्या, लेकरं मरत होती, हे विसरून चालणार नाही. 'जुनं ते सोनं' म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. नाळ कशानेही कापायची, रक्तस्राव झाला तर डोळ्यांदेखत बाई जायची. पण एक गोष्ट होती. बाळंतीण एकटी नसायची. तिच्या अंगाला रोज दुसऱ्या बाईचा हात लागायचा. आणि मन बिघडलं तर त्यालाही शब्द होते, 'वारं लागलं', 'बाधा झाली', 'सटवीनं धरलं'. कोरकूंमध्ये भूमका येऊन बघायचा, पूजा करायचा. कारण चुकीचं लावत होते, उपायही कधी कधी घातकच. लेकराचं पोट फुगलं की तापलेल्या लोखंडाने पोटावर डाग द्यायचे, मेळघाटात त्याला डंबा म्हणतात, ते कोणीही पाठीशी घालू नये. तरी बाईचं काहीतरी बिनसलं आहे हे घरात दिसत होतं, त्याची दखल घेतली जात होती. दवाखाना आला, सुई आली, गोळी आली, त्याने जीव वाचले. पण ही दखल मागे पडली, असं माझं मत आहे.

१९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना, म्हणजे आपली अंगणवाडी, देशात मोजक्या ३३ ठिकाणी सुरू झाली. त्यात मेळघाटातलं धारणी होतं. म्हणजे मेळघाट काही सरकारच्या नजरेबाहेर नव्हता. तरी नव्वदच्या दशकात मेळघाटातल्या लेकरांच्या मृत्यूच्या बातम्या छापून आल्या, उच्च न्यायालयात याचिका झाल्या, मंत्री येऊन गेले. १९९५ मध्ये आदिवासी भागासाठी नवसंजीवन योजना आली. पावसाळ्याआधी धान्य पोहोचवणं, भरारी पथकाचे डॉक्टर, गरोदर बाईला थोडे पैसे आणि औषध असं त्यात होतं. २०१५ मध्ये अमृत आहार योजना आली, गरोदर आणि स्तनदा मातेला दिवसातून एक वेळ पूर्ण गरम जेवण. ही चांगली कामं आहेत. अंगणवाडीत बसून पोटभर जेवणारी गरोदर बाई ही साधी गोष्ट नाही. घरी ती सगळ्यांच्या मागून जेवते आणि उरेल ते खाते.

पण त्या सगळ्या वर्षांत मोजलं काय गेलं? लेकराचं वजन. दंडाचा घेर. मेलेल्या लेकरांचा आकडा. आई कागदावर आली ती 'कुपोषित बालकाची माता' म्हणून. साहेब आले की विचारायचे, दवाखान्यात का आणलं नाही? अंधश्रद्धा आहे का? जिचं लेकरू आठ दिवसांपूर्वी गेलं तिला हे विचारायचं. दिवाळीनंतर मेळघाटातली माणसं कामाला बाहेर पडतात आणि होळीला परत येतात. पोटुशी बाई त्यात असते, ओली बाळंतीणही असते. गाव सुटलं की सासू सुटली, सुईण सुटली, बोली सुटली. याचा तिच्या मनावर काय परिणाम होतो हे कोणत्या तक्त्यात भरायचं?

पहिला वेगळा प्रयत्न झाला तो विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत. डॉक्टर राणी बंग आणि डॉक्टर अभय बंग यांनी १९८६ मध्ये तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. सुरुवातीलाच त्यांनी दोन गावांत बायांची तपासणी केली, वसा आणि अमिर्झा. ६५० बाया तपासल्या. तेव्हा जगभर 'बाईचं आरोग्य' म्हटलं की गरोदरपण आणि कुटुंब नियोजन एवढंच समजत होते. या तपासणीत दिसलं की शंभरातल्या ९२ बायांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास आहे. आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या बाया होत्या शंभरात आठ. १९८९ मध्ये हे 'लॅन्सेट' नावाच्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि जगाला धक्का बसला. बायांना मात्र काही धक्का नव्हता. त्या पांढऱ्या पाण्याबद्दल, अंगातली ताकद गेल्याबद्दल, त्याच्या धास्तीबद्दल आपसात बोलतच होत्या. ऐकणारी बाई डॉक्टर आता मिळाली होती. राणीताईंचं 'कानोसा' हे पुस्तक ग्रामसंघाच्या कपाटात असायला हवं.

पुढचं काम मला त्याहून मोलाचं वाटतं. १९९५-९६ मध्ये त्यांनी ३९ गावांत ७७२ बाळंतपणांवर लक्ष ठेवलं. दवाखान्यातली नाही, घरातली बाळंतपणं. गावातल्याच शिकवलेल्या बाईने घरी जायचं, बघायचं, विचारायचं, लिहायचं. निम्म्याहून जास्त बाळंतिणींना काही ना काही आजार झाला. त्यातले बहुतेक कळांच्या वेळी नाहीत, नंतरच्या दिवसांत, बाजेवर असताना. छातीचे त्रास, नंतर सुरू झालेला रक्तस्राव, अंगावरचं इन्फेक्शन. आणि त्याच यादीत एक ओळ होती, झोप न लागणं. शंभरात सात बाळंतिणींना.

ही ओळ वाचून मी थांबले. बाळ रात्री उठवतं म्हणून झोपमोड होते, ती वेगळी. बाळ झोपलं, घर झोपलं आणि हिचा डोळा लागत नाही, ते वेगळं. घरी जाऊन विचारलं म्हणून ती ओळ कागदावर आली. ओपीडीच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईने 'मला झोप येत नाही' म्हणून सांगितलं असतं का? आणि सांगितलं असतं तरी कोणी लिहिलं असतं?

गडचिरोलीच्या या गावांत आरोग्यदूत बायांनी घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेतली आणि पहिल्या महिन्यातले बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. हे १९९९ मध्ये छापून आलं. २०११ पासून हीच पद्धत देशभर आशाताईंच्या हाती आली. आज तुमच्या दारात आशा येते, बाळाचं वजन करते, ताप बघते, त्याची मुळं गडचिरोलीत आहेत. फक्त बाळाची घरभेट देशभर गेली, आईच्या झोपेची ती ओळ तेवढी पुढे गेली नाही.

आता थोडं शास्त्राचं, कारण 'मन म्हणजे चोचले' असं म्हणणारी एक तरी सासू प्रत्येक बैठकीत असते.

बाळंत झाल्यावर पहिल्या आठवड्यात उगाच रडू येणं, चिडचिड होणं, हे पुष्कळ जणींना होतं. दोन आठवड्यांत ओसरतं. विश्रांती, जेवण, जवळ माणूस, एवढं पुरतं. दुसरं म्हणजे उदासीनतेचा आजार, ज्याला डॉक्टर डिप्रेशन म्हणतात. दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस मन उडालेलं, कशात गोडी नाही, जेवण नको, झोप नाही, आपण वाईट आई आहोत असं वाटणं, कधी जगणंच नको वाटणं. आपल्याकडच्या बाया 'उदास आहे' असं म्हणत नाहीत. त्या म्हणतात डोकं भणभणते, अंगात त्राण नाही, जीव घाबरते, हातपाय गळून जातात. तिसरा प्रकार हजारात एक-दोघींना होतो, बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत एकदम. बाई भलतंच बोलते, नसलेले आवाज ऐकते, झोपतच नाही, बाळाबद्दल विचित्र बोलते. यालाच आपण बाधा म्हणत आलो. यात एक दिवसही घालवायचा नाही, दवाखाना गाठायचा. हा आजार औषधाने बरा होतो, आणि अशी बाई पुढे नेहमीसारखा संसार करते.

२००२ मध्ये गोव्यातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, डॉक्टर विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात आलेल्या २७० गरोदर बायांची नावं नोंदवून त्यांना पुढे भेटत राहिले. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी शंभरातल्या २३ जणींना डिप्रेशन होतं. त्यातल्या बहुतेक जणी गरोदरपणातच खचलेल्या होत्या. निम्म्याहून जास्त सहा महिन्यांनंतरही बऱ्या नव्हत्या. कारणं काय निघाली? गरिबी, नवऱ्याशी बरं नसणं, मारहाण, आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी. वाचून वाटलं, हे शोधायला गोव्याला कशाला जायचं, आमच्या कोणत्याही बचत गटाने सांगितलं असतं. पण सांगणं वेगळं आणि आकड्यात मांडणं वेगळं. आकडा मांडला की सरकारला 'तुमच्या मनाचे खेळ' असं म्हणता येत नाही. त्याच गटाने पुढच्या वर्षी दाखवलं की ज्या आया डिप्रेशनमध्ये होत्या त्यांच्या बाळांची वाढ सहा महिन्यांना मागे पडलेली होती, वजनात आणि उंचीतही.

म्हणजे बघा, मेळघाटात वर्षानुवर्षं जे लेकराचं वजन काट्यावर घेतलं, त्या वजनात आईचं मनही होतं. गरोदरपणात बाई खचलेली असेल तर ती कमी खाते, तपासणीला जात नाही, गोळ्या डब्यात पडून राहतात. बाळ वेळेआधी होण्याचा आणि कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो, हे जगभरच्या अभ्यासांत दिसलं आहे. नंतर पाजायला जीव लागत नाही, बाळाच्या रडण्याला उत्तर देण्याची ताकद नसते. यात तिचा दोष काडीचा नाही. मधुमेह झालेल्या बाईला 'साखर का वाढवलीस' असं आपण म्हणत नाही.

आदिवासी बाईवर यातलं सगळं ओझं दुप्पट पडतं. रक्त कमी, काम शेवटच्या दिवसापर्यंत, दवाखाना लांब, तिथली बोली वेगळी. एखादं लेकरू आधीच गेलेलं. आणि वर 'तुम्ही लोक असेच' हे ऐकून घ्यायचं.

समुद्रापलीकडे ऑस्ट्रेलियात आदिवासी बायांचं असंच आहे. तिथे कित्येक दशकं सरकारने आदिवासी लेकरं आईपासून काढून नेली आणि गोऱ्यांच्या संस्थांत, घरांत ठेवली. २००८ च्या फेब्रुवारीत तिथल्या पंतप्रधानांनी संसदेत त्याची माफी मागितली. पण आजही दवाखान्यात 'तुला उदास वाटतं का' असं विचारलं की तिथली आदिवासी आई दचकते. खरं सांगितलं तर बाळ नेतील की काय! शिवाय बाळंतिणीची उदासी मोजायला जगभर वापरतात ते दहा प्रश्न १९८७ मध्ये एडिंबरा शहरात तयार झाले. किंबर्ली नावाच्या भागातल्या आदिवासी बायांनी सांगितलं, हे प्रश्न आमच्या बोलीत बसत नाहीत. मग त्यांनीच नर्स-डॉक्टरांबरोबर बसून आपल्या बोलीतले प्रश्न आणि चित्रं तयार केली, आणि प्रश्न संपले की निवांत गप्पा, हा त्या तपासणीचाच भाग ठेवला.

तिथे दुर्गम भागातल्या गरोदर बाईला दिवस भरत आले की लांबच्या शहरात नेऊन ठेवतात. जीव वाचावा म्हणूनच. पण ती तिथे आपल्या माणसांशिवाय आठवडे काढते. याचा विचार करून ब्रिस्बेन शहरात आदिवासी संस्थांनी दवाखान्याबरोबर वेगळी सोय उभारली. पहिल्या तपासणीपासून शेवटपर्यंत तीच दाई, सोबत आपल्याच समाजातली मदतनीस, जायला-बसायला आपली जागा. तिथे वेळेआधी जन्मणाऱ्या बाळांचं प्रमाण स्पष्ट कमी झालं. आपल्याकडे आदिवासी भागात प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ 'माहेरघर' ठेवलं आहे, गरोदर बाईने काही दिवस आधी येऊन राहायचं, सोबत लहान मूल आणि एक नातेवाईक आणायचा. नाव तर किती छान दिलंय. माहेरात कोणीतरी 'आलीस का गं' म्हणणारं असतं. माहेरघरात तसं म्हणणारी, तिची बोली जाणणारी बाई आहे का, एवढं आपल्या गटांनी जाऊन बघावं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं बोलायला घेतलं तिच्यावर येते. ही गोष्ट आहे झारखंड आणि ओडिशाची. पश्चिम सिंहभूम, सराईकेला-खरसावां आणि केओंझर हे तीन जिल्हे, वस्ती मोठ्या प्रमाणात आदिवासी. 'एकजूट' नावाच्या संस्थेने तिथे २००५ ते २००८ अशी तीन वर्षं काम केलं. त्यांनी दवाखाना बांधला नाही, औषध वाटलं नाही. बायांचे गट घेतले, एकूण २४४. त्यातले बरेच गट आधीचेच होते, बचतीचे, आपल्यासारखे. गावातल्याच एका बाईला शिकवलं आणि तिने दर महिन्याला गटाची बैठक घ्यायची. अशा वीस बैठका. आधी चित्रांच्या कार्डांवरून, गोष्टींवरून, खेळातून बोलायचं, आपल्याकडे आई आणि बाळ कशाने आजारी पडतात, कशाने जातात. मग गटाने ठरवायचं त्यातलं महत्त्वाचं काय. मग उपाय आपणच शोधायचे. आपत्कालीन पैसा बाजूला ठेवा, गाडीची सोय ठरवा, सुईणीला स्वच्छ साहित्य द्या, गरोदर बाईच्या घरी जाऊन या. शेवटी काय जमलं, काय नाही ते बघायचं. ज्या भागात असे गट चालले आणि ज्या भागात नव्हते, त्यांची तुलना केली. २०१० मध्ये निकाल आला. गट असलेल्या भागात पहिल्या महिन्यातले बालमृत्यू ३२ टक्क्यांनी कमी.

आणि त्यांनी आईचं मनही मोजलं होतं. तिन्ही वर्षं मिळून पाहिलं तर मोठा फरक दिसला नाही, हे खरं ते सांगते. पण तिसऱ्या वर्षी मध्यम स्वरूपाचं डिप्रेशन असलेल्या आयांचं प्रमाण ५७ टक्क्यांनी घटलेलं होतं. मनाचे डॉक्टर आले नव्हते. बैठकीत मनाचा विषय वेगळा काढलाही नव्हता. बाया दोन-अडीच वर्षं एकत्र बसत होत्या, एकमेकींची अडचण आपली म्हणून सोडवत होत्या, एवढंच. वेळ लागला, हेही लक्षात घ्या. दोन बैठकांत असं होत नाही. पुढे आशाताईंनी असेच गट चालवून पाहिले तेव्हाही बालमृत्यू घटले, आणि ही पद्धत सरकारच्या आरोग्य अभियानात गेली.

आपल्या दशसूत्रीत सहावं सूत्र आरोग्याचं आहे. पाठ सगळ्यांना आहे. बैठकीत मात्र पहिल्या पाचांतच वेळ संपतो, बचत, कर्ज, परतफेड, हिशोब. सीआरपी ताई आरोग्यावर दोन वाक्यं बोलते आणि सगळ्या घरी जायला उठतात. मी दोष देत नाही, स्वयंपाक थांबलेला असतो. पण एक हिशोब तुमच्यापुढे ठेवते.

दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताईच्या घरभेटी असतात तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. त्यानंतरची ठरलेली भेट थेट तिसऱ्या महिन्यात. आता गोव्याचा अभ्यास आठवा. सहा ते आठ आठवडे, म्हणजे बेचाळीस ते छप्पन्न दिवस, तेव्हा शंभरातल्या २३ आया डिप्रेशनमध्ये सापडल्या. सव्वा महिना झाला, बाळंतीण न्हाऊन उठली, कामाला लागली, माहेरहून सासरी आली, पाहुण्यांचं येणं-जाणं थांबलं आणि नेमकी आशाताईची भेटही थांबली. पुढचे सहा-सात आठवडे तिच्या दारात ठरवून कोणी जात नाही.

आपली बैठक दर आठवड्याला असते. म्हणजे त्या मधल्या काळात सहा-सात बैठका होतात. त्या बैठकांत ओल्या बाळंतिणीच्या नावापुढे काय असतं? 'गैरहजर'. काही गटांत तर दंडही लावतात. खामगावकडच्या आणि जळगाव जामोदकडच्या काही बायांपुढे मी एक सूचना ठेवली आहे, तुमच्यापुढेही ठेवते. ज्या सदस्याकडे किंवा सदस्याच्या सुनेकडे तीन महिन्यांच्या आतलं बाळ आहे, त्या आठवड्याची बैठक तिच्या ओसरीवर घ्यायची. चहाचं दूध दुसरीने आणायचं. बाळ एकीने घ्यायचं, आणि बाळंतिणीशी तिच्या वयाची, तिच्या बोलीची बाई बसेल असं बघायचं. कोरकू असेल तर कोरकू बोलणारी, पावरा असेल तर पावरा. सासूसमोर विचारायचं नाही. 'उदास आहेस का' असं तर विचारायचंच नाही. बाळ झोपल्यावर तुला झोप लागते का, जेवण जातं का, माहेरी बोलणं होतं का, असं विचारायचं. बरं वाटत नाही असं दोन आठवडे चाललं असेल तर आशाताईला सांगायचं आणि जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात सोबत जायचं. गाडीभाडं अंतर्गत कर्जातून देता येतं. लांब जाणं शक्य नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, २०२२ पासून सुरू आहे, फुकट, रात्रंदिवस, मराठीत बोलता येतं. मरायचं बोलत असेल किंवा बाळाबद्दल भलतंच बोलत असेल तर तिला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी न्यायचं.

आणि कोणी घाबरवलं की बाळ काढून घेतील, तर सांगा, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलं आहे की मानसिक आरोग्य केंद्रात उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल सहसा वेगळं करायचं नाही. बंगळुरूच्या 'निम्हान्स' या मोठ्या सरकारी संस्थेत तर आई आणि बाळ दोघांना एकत्र दाखल करणारा विभाग २००९ पासून चालू आहे.

हजेरीपत्रकाचं काय करायचं, असं एका गटाच्या सचिवाने मला विचारलं. बैठक तिच्या ओसरीवर आहे ना? मग ती हजर.